एफवनराव

एफवनरावांना पत्ता विचारू नये. आमच्या मजल्यावर नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला कँटीनची कुपनं कुठे मिळतात हे सांगण्याआधी हा इशारा दिला जातो. तरी कुणीतरी विचारतोच. मग एफवनराव चष्मा कपाळावर ढकलतात आणि उलट विचारतात, "निघणार कुठून? गाडी आहे, की पीएमटी?" उत्तर मिळालं की कागद ओढून वर ठळक अक्षरात शीर्षक घालतात : ‘माझ्या घरी पोहोचणे’. त्याखाली ‘पूर्वतयारी’ : फोन चार्ज केलेला असावा. मग पायऱ्या. १. कर्वे पुतळ्यापाशी उतरा. २. पुतळ्याकडे पाठ करून उभे राहा. ३. डाव्या हाताचा रस्ता धरा. तिसऱ्या पायरीच्या पोटात एक ‘टीप’ असते : पुतळ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास डावे-उजवे बदलते. शेवटी ‘फलित’ : दुसऱ्या मजल्यावर तोरण लावलेले दार दिसते. न दिसल्यास ‘घर सापडत नाही’ हे पान पाहा. ते पान कागदाच्या मागच्या बाजूला असतं.

एवढं झाल्यावर माणूस पोहोचतो का? पोहोचतो. कर्वे पुतळ्यापासून फोन करून.

एफवनराव हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. कीबोर्डच्या वरच्या ओळीत एस्केपच्या शेजारी एफवनची कळ असते. ती दाबली की मदत यावी, असा दंडक आयबीएमने १९८७ साली आपल्या नियमावलीत घातला, विंडोजनेही तो पाळला, आणि त्या कळीमागून जी खिडकी उघडते तिच्यातला मजकूर लिहिणारा हा माणूस. आपल्यापैकी बहुतेक जण ती कळ चुकून दाबतात. एक्सेलमध्ये एफटू दाबायला जावं तर बोट अलीकडे पडतं, हेल्प उघडते, आणि आपण चरफडत ती बंद करतो. आमच्या अकाउंट्समधल्या एका गृहस्थांनी तर ती कळच उचकटून काढली होती. एफवनरावांनी तो खड्डा पाहिला आणि त्यानंतर त्या गृहस्थांच्या टेबलावरून जाणं सोडलं. पँट्रीत जायला ते आता लांबचा रस्ता घेतात.

असा एक एफवनराव पुण्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत सापडतो. हिंजवडीत सापडतो, मगरपट्ट्यात सापडतो, बाणेरला तर एकाच बसथांब्यावर दोन सापडतात. आमचे एफवनराव इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, शेक्सपिअरवर पोट भरत नाही हे कळल्यावर एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, दहावीच्या पोरांना कर्तरी-कर्मणी शिकवलं, आणि नव्वदच्या दशकात बंगल्यांच्या गच्च्यांवर सॉफ्टवेअर कंपन्या उगवू लागल्या तेव्हा ‘उत्तम इंग्रजी आवश्यक’ एवढीच अट वाचून मुलाखतीला गेले. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटरात म्हणजे नक्की काय करता?"

"लिहितो."

"प्रोग्रॅम?"

"नाही. प्रोग्रॅम कसा वापरायचा, ते."

सासरे जुन्या सरकारी नोकरीतले. विचार करून म्हणाले, "मग तो करणाऱ्यालाच नीट करता येत नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर एफवनराव अजून शोधताहेत. त्यांची सगळी नोकरी, म्हटलं तर, त्या शोधातच गेली.

जुन्या काळच्या हेल्पबद्दल ते बोलू लागले, की ऐकणाऱ्याने आधी चहा मागवून घ्यावा. १९९० साली विंडोज ३.० बरोबर विनहेल्प आली. तिची फाइल बनवायची म्हणजे वर्डमध्ये एकेक विषय स्वतंत्र पानावर लिहायचा आणि सगळी व्यवस्था तळटिपांतून लावायची. हॅशची तळटीप म्हणजे विषयाची ओळख, डॉलरची म्हणजे शीर्षक, ‘के’ची म्हणजे सूचीत जाणारे शब्द, अधिकच्या चिन्हाची म्हणजे पानांचा क्रम. एका विषयातून दुसऱ्यात उडी मारायची, तर शब्दांखाली दुहेरी रेघ मारायची आणि त्याला चिकटून पुढच्या विषयाची ओळख लपवलेल्या अक्षरांत टाइप करायची. मध्ये एक रिकामी जागा पडली की दुवा मेला. मजकूर लपवलेला, त्यामुळे ती जागाही डोळ्यांना दिसायची नाही. रात्री कंपायलर लावून घरी जावं आणि सकाळी यावं, तर चुकांची यादी हेल्पहून लांब. "आम्ही तळटिपांतून हेल्प उभी केली आहे," हे वाक्य एफवनराव छाती काढून म्हणतात. समोरच्या पंचविशीतल्या मुलीला तळटीप आणि छाती यांचा संबंध लागत नाही. ती नम्रपणे बिस्कीट पुढे करते.

मग टूल आलं. ब्लू स्काय सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं रोबोहेल्प. तळटिपांची ती हमाली आता टूल करू लागलं. रोबोहेल्पची वंशावळ एफवनराव गोत्र-प्रवरासकट सांगतात : ब्लू स्कायचं पुढे ईहेल्प झालं, ईहेल्पला २००३ साली मॅक्रोमीडियाने घेतलं, २००५ साली मॅक्रोमीडियालाच घ्यायचं ॲडोबीने ठरवलं, आणि मधल्या धामधुमीत मूळच्या मंडळींपैकी काहींनी बाहेर पडून मॅडकॅप नावाची कंपनी काढली व फ्लेअर हे टूल बाजारात आणलं. तेव्हापासून या धंद्यात गाण्यासारखी दोन घराणी पडली आहेत. आमचे एफवनराव रोबोहेल्प घराण्याचे. फ्लेअरवाला भेटला की दोघं आधी एकमेकांच्या टूलची अदबीने तारीफ करतात, मग टेबलातल्या रेघांवरून हळूच कुरापत निघते, आणि संध्याकाळी दोघांच्या बायका एकमेकींना फोन करून "आमचे तुमच्याकडे आहेत का?" असं विचारतात.

एफवनराव खऱ्या अर्थाने रमले ते ‘चम’मध्ये. १९९७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल हेल्प आणली आणि .सीएचएम असं शेपूट असलेली फाइल जन्माला आली. धंद्यात तिला ‘चम’ म्हणतात. डावीकडे अनुक्रम, सूची आणि शोध, उजवीकडे मजकूर. आतून पाहिलं तर प्रत्येक विषय म्हणजे एचटीएमएलचं एक पान, एका फाइलीत अनुक्रम, दुसरीत सूची, तिसरीत सगळ्या प्रकल्पाची कुंडली. कंपाइल केलं की हा सगळा संसार एका फाइलीत बांधला जातो. "अनुक्रम कुणीही लावील," एफवनराव म्हणतात, "सूची लिहायला माणूस ओळखावा लागतो." प्रोग्रॅमरने मेन्यूत ‘पर्ज’ असा शब्द ठेवला आहे. कोल्हापूरच्या गोदामातला कारकून सूचीत ‘पर्ज’ कशाला शोधील? तो ‘डिलीट’ शोधणार, ‘रिमूव्ह’ शोधणार, आणि काम बिघडल्यावर आलेला असेल तर ‘अनडू’ शोधणार. एफवनराव एकाच पानाला हे सगळे शब्द जोडतात. एका सूचीत त्यांनी ‘चुकून झालेल्या गोष्टी’ अशा अर्थाचा एक स्वतंत्र मथळा घातला होता. मॅनेजरने तो काढायला लावला, कारण आमच्या उत्पादनात चुकून काही होतं असं ग्राहकाला वाटेल.

सूचीखालोखाल त्यांचा जीव आकड्यांत. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक खिडकीला एक आकडा असतो. त्या आकड्याला एफवनराव हेल्पमधलं एक पान जोडून देतात. म्हणजे ज्या खिडकीत आपण अडलो, तिचंच पान एफवन दाबल्यावर समोर यावं. यादी दोघांकडे असते, प्रोग्रॅमरकडे एक आणि एफवनरावांकडे एक, आणि दोन्ही सारख्या असाव्यात एवढीच अपेक्षा. एका रिलीजला एका प्रोग्रॅमरने यादीच्या मध्यात नवी खिडकी घुसवली आणि खालचे सगळे आकडे एकेक घर सरकले. मालाची आवक नोंदवताना एफवन दाबलं की प्रिंटर जोडण्याची कृती उघडे, प्रिंटरच्या खिडकीत पासवर्ड विसरल्यास काय करावे ते, आणि पासवर्डच्या खिडकीत ‘खराब माल परत पाठवणे’. कुठल्याही ग्राहकाची तक्रार आली नाही. महिन्याभराने ते एफवनरावांनाच दिसलं. प्रोग्रॅमर म्हणाला, "बघा, कुणाचं काही अडलं नाही." त्या दिवशी एफवनरावांनी डबा उघडला नाही.

चमच्या आजारांवर मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. "हेल्प उघडत नाही हो," अशी हाक आली की ते जागेवरून न उठता विचारतात, "फोल्डरचं नाव काय?" सी-शार्प शिकणारा प्रत्येक पोरगा आपल्या फोल्डरला ‘सी’ आणि पुढे हॅश असं नाव देतो. फाइलीच्या वाटेत कुठेही हॅश आला की चम पान दाखवत नाही, कारण पत्त्यातल्या हॅशचा अर्थ ‘पानाच्या आतली जागा’ असा होतो आणि बिचारी चम अर्ध्या वाटेवरच घर शोधू लागते. फोल्डरचं नाव बदलायचं, संपलं. दुसरा आजार २००५ च्या सुरक्षा-अपडेटनंतरचा. फाइल नेटवर्कवर ठेवून उघडली, तर डावीकडे अनुक्रम सगळा जिथल्या तिथे, उजवीकडे मात्र पान रद्द झाल्याचा निरोप. फाइल आपल्या मशिनवर उतरवून घ्यायची. ईमेलमधून आली असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करायची. हे दोन्ही उपाय एफवनरावांनी चित्रांसकट लिहून ठेवले होते. पानाचं नाव ‘हेल्प उघडत नसल्यास’. ते पान हेल्पच्या आत होतं.

एका टेस्टरने ही गंमत दाखवून दिली तेव्हा एफवनराव शांतपणे म्हणाले, "छापील आवृत्तीतही आहे." छापील आवृत्ती त्यांच्या टेबलाखाली होती. तिच्यावर ते पाय ठेवून बसतात.

प्रोग्रॅमर आणि एफवनराव यांचं नातं समजून घ्यायचं, तर रिलीजच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसावं. नवी खिडकी तयार झालेली असते. एफवनराव वही घेऊन जातात.

"यात लिहायचं काय, सर? सेल्फ-एक्स्प्लनेटरी आहे."

"असेल. हे ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ यांत फरक काय?"

"अप्लाय केलं की बदल लागू होतो."

"आणि ओके केलं की?"

"तेव्हाही होतो. वर खिडकी बंद होते."

"मग अप्लाय करून कॅन्सल केलं तर?"

प्रोग्रॅमर स्क्रीनकडे बघतो. मग छताकडे बघतो. "असं कोण करेल, सर?"

"मी आत्ताच केलं. शंभर पोती गेली."

अशी पोती एफवनरावांनी खूप घालवली आहेत. टेस्टर मंडळींचा त्यांच्यावर त्यामुळे थोडा रागही आहे. दुसऱ्याच्या शेतात येऊन हा माणूस पीक कापून नेतो. पण एफवनराव काही चुका शोधायला बसलेले नसतात. ते फक्त वाक्य लिहायला बसतात, आणि वाक्य होत नाही. ‘तारीख निवडा आणि पुढे जा’ हे वाक्य झालं. ‘तारीख निवडा, पण आधी शाखा बदललेली असल्यास ती पुन्हा निवडा, आणि रविवार असल्यास हे दोन्ही करू नका’ हे वाक्य झालं नाही. जे सरळ सांगता येत नाही ते बांधतानाच कुठेतरी वाकडं झालेलं असतं, हा त्यांचा सिद्धान्त. एखाद्या साध्या कामाला चौदा पायऱ्या लागू लागल्या, की ते लिहायचं थांबवतात आणि पायऱ्यांचा कागद घेऊन प्रॉडक्ट मॅनेजरच्या दारात उभे राहतात. कधीकधी त्या कागदामुळे खिडकी बदलते, चौदाच्या चार होतात, आणि पुढच्या आवृत्तीत ते पान हेल्पमधून निघूनच जातं. एफवनरावांचं उत्तम लिखाण कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी या काढून टाकलेल्या पानांकडे बोट दाखवीन. अडचण एवढीच, की वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ‘न लिहिलेली पाने’ असा रकाना नसतो.

आणि हे सगळं जमल्यावर, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी, कुणीतरी ‘सेव्ह’ या बटणाचं नाव ‘सबमिट’ करतो. स्क्रीनशॉट सगळे पुन्हा. एफवनराव घरी फोन करून सांगतात, "जेवून घ्या." पलीकडून उत्तर येतं, "झालं आमचं."

शैलीच्या बाबतीत ते सोवळ्यातले. मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका त्यांना मुखोद्गत. ‘क्लिक’ म्हणावं, ‘क्लिक ऑन’ म्हणू नये. प्रोग्रॅम ‘किल’ करू नये, तो बंद करावा. आणि ‘प्लीज’ हा शब्द ऊठसूट वापरू नये. ग्राहकाला त्रास पडणार असेल किंवा चूक आपली असेल, तिथेच वापरावा. हा शेवटचा नियम त्यांच्या इतका हाडीमाशी भिनला आहे, की घरी ते "प्लीज जरा पाणी दे" म्हणाले तर वहिनी स्वयंपाकघरातूनच विचारतात, "काय फोडलंत?"

शैलीपुस्तिकेइतकाच त्यांचा आदर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकावर आहे. त्यातला पहिला समास लेखनक्रियेचा. अक्षर कसं काढावं, ओळींत अंतर किती असावं, पानाच्या कडा कशा सोडाव्यात, आणि ग्रंथ संपेपर्यंत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकाने उतरल्यासारखं कसं दिसावं, हे समर्थांनी तिथे सांगितलं आहे. "हे स्टाइल गाइड आहे," एफवनराव म्हणतात. चार जणांनी लिहिलेली हेल्प एकाने लिहिल्यासारखी वाटली पाहिजे, हा आग्रह त्यांनी नव्या मुलांसमोर मांडताना समर्थांचा दाखला दिला, तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, ते कुठल्या कंपनीत होते?"

स्वयंपाकघरातही त्यांची एक आराध्यदेवता आहे : कमलाबाई ओगले. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’त वाटीचं आणि चमच्याचं माप दिलेलं असतं, म्हणून. त्यांच्या स्वतःच्या आईची पद्धत निराळी. उकडीच्या मोदकांची कृती लिहून घ्यायला ते एकदा तिच्यासमोर वही घेऊन बसले.

"मीठ किती?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती, आई?"

"तुला अक्कल आहे तेवढं."

वहीत त्यांनी ‘मीठ : प्रमाण निश्चित व्हायचे आहे’ असं लिहिलं. गेली कित्येक वर्षं ते तसंच आहे.

एका मूळ मजकुरातून अनेक आवृत्त्या काढणं, म्हणजेच सिंगल सोर्सिंग, ही आधुनिक टूलची मोठी करामत. मजकुराच्या तुकड्यांना अटींच्या खुणा लावायच्या. ‘फक्त ॲडमिनसाठी’, ‘फक्त जर्मनीसाठी’. आवृत्ती काढताना ज्या खुणा निवडाल तेवढाच मजकूर उतरतो. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी चल ठेवायचे. उत्पादनाचं नाव एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. ही करामत एफवनरावांनी मुलीच्या लग्नपत्रिकेवर चालवली.

कल्पना बिनतोड होती. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हा भाग सगळ्यांना सामायिक. कार्यालय, मुहूर्त, नावं हे चल. मग अटी : घरच्यांना सीमांतपूजनाचं बोलावणं, ऑफिसला फक्त स्वागतसमारंभ, सोसायटीला अक्षता आणि जेवण, कोकणातल्या मंडळींना आदल्या रात्री कार्यालयात मुक्कामाची सोय. वहिनी म्हणाल्या, "प्रेसवाल्याकडे नमुने असतात हो." एफवनरावांनी त्यांना सिंगल सोर्सिंगचे फायदे समजावून सांगितले. वहिनींनी ते मटार सोलत ऐकून घेतले.

मुक्कामाच्या वाक्याला खूण लावताना ती अर्ध्याच वाक्याला लागली. लग्नाच्या आदल्या रात्री आमच्या टेस्टिंग टीममधले तिघं जण बॅगा घेऊन कार्यालयावर हजर झाले. टेस्टरच ते, लिहिलंय तसं वागायची त्यांना सवय. त्यांना परत कसं पाठवणार? तिघंही रुखवताच्या खोलीत झोपले आणि सकाळी सगळ्यांच्या आधी नाश्त्याला बसले. रत्नागिरीच्या आत्यांच्या पत्रिकेत मुहूर्ताचा चल भरायचा राहिला होता. त्यांनी फोन केला, "अरे, ‘मुहूर्त अंतिम दोन’ असं छापलंय. मी पंचांग बघितलं. असा मुहूर्त नाही त्यात."

एफवनरावांनी या सगळ्याचं मूळ कारण शोधून काढलं. टूलचा दोष नव्हता, मजकुराचाही नव्हता. रिव्ह्यूला पाठवलेली प्रत कुणीच वाचली नव्हती.

कुणी वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याबद्दल त्यांची तक्रारही नसते. मदत मागितल्याशिवाय देऊ नये, हे त्यांचं धंद्यातलं तत्त्व. ऑफिस ९७ मध्ये ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप आली होती, पत्र लिहायला घेतलं की "पत्र लिहिताय वाटतं?" म्हणून मध्ये टपकायची. लोक इतके कावले, की २००१ च्या आवृत्तीत तिला मुळात बंद करून ठेवलं आणि २००७ मध्ये काढूनच टाकलं. एफवनराव तिचं नाव निघालं की तोंड फिरवतात. "न विचारता सांगणारा माणूस आणि न विचारता सांगणारं सॉफ्टवेअर, दोन्ही त्याज्य," असं ते एकदा एका शिकाऊ मुलाला म्हणाले. त्या वेळी ते त्याला झेरॉक्स मशिनमध्ये कागद कसा घालावा ते सांगत होते. त्याने विचारलं नव्हतं. तो कागद घालून, प्रती काढून, निघाला होता.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस इचलकरंजीहून आला. एका सूतगिरणीच्या गोदामातल्या स्टोअरकीपरचा फोन. या गृहस्थांनी चममधलं ‘मथळा आणि त्याखालची सगळी पाने छापा’ हे बटण वापरून सगळी हेल्प छापली होती, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं होतं, वर प्लास्टिकचं कव्हर चढवलं होतं, आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. ते म्हणाले, "साहेब, माल परतीच्या कृतीत सहाव्या आणि सातव्या पायरीची अदलाबदल झालीय. तुमच्याप्रमाणे केलं तर पावती आधी निघते आणि माल मागनं जातोय."

एफवनराव उभे राहिले. फोनवर बोलताना त्यांना उभं राहिलेलं आम्ही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. चूक मान्य केली, आभार मानले, पान दुरुस्त केलं, नवी चम त्याच दिवशी पाठवली. मग खाली जाऊन सगळ्या मजल्यासाठी पेढे आणले. कुणी विचारलं, "काय, प्रमोशन?" तर म्हणाले, "चूक सापडली." प्रोग्रॅमर मंडळींनी पेढे खाल्ले आणि एकमेकांकडे पाहिलं. चुका सापडल्याबद्दल पेढे वाटायचे ठरले, तर कंपनीचं दिवाळं निघायला रिलीजसुद्धा लागणार नाही.

आता काळ बदलला. चम मागे पडली, हेल्प वेबवर गेली, शब्दांच्या जागी दीड मिनिटाचे व्हिडिओ आले. धंद्यातली जुनीजाणती संस्था, अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जिची मुळं १९५३ सालापर्यंत जातात आणि जिचा भारतातही चॅप्टर होता, ती २०२५ च्या जानेवारीत बंद झाली. त्याच सुमारास आमच्याकडे मीटिंगमध्ये जाहीर झालं, की ग्राहकांच्या प्रश्नांना यापुढे एआय बॉट उत्तरं देईल. सगळ्यांनी एफवनरावांकडे चोरून पाहिलं. एफवनराव वहीत काहीतरी लिहीत होते. नंतर कळलं, ते इतिवृत्तातले समास दुरुस्त करत होते.

बॉट सुरू झाला आणि निराळंच घडलं. तो उत्तरं कुठून देणार? हेल्पमधूनच. त्याने एफवनरावांचं सगळं लिखाण वाचून काढलं, पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत, सूचीसकट आणि ‘हेल्प उघडत नसल्यास’सकट. आणि वाचलेलं तो खरं धरून चालला. जुन्या आवृत्तीचं एक पान कुठेतरी राहून गेलं होतं. बॉटने त्यातल्या दोन पायऱ्या आणि नव्या पानातल्या तीन अशी मोट बांधून जर्मनीतल्या ग्राहकाला ठणठणीत आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी प्रॉडक्ट मॅनेजर स्वतः एफवनरावांच्या टेबलाशी आले. त्यांच्यामागून प्रोग्रॅमर आले. ज्यांनी कधी रिव्ह्यूची प्रत उघडली नव्हती, ते आता "सर, आमच्या मोड्यूलची पानं एकदा बसून बघू या का?" म्हणू लागले. एफवनरावांच्या टेबलापाशी रांग लागू लागली.

एफवनराव खूश आहेत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाचतो म्हणे सगळं. पण इथे पायरी चुकलीय, असा फोन केलाय का त्याने आजवर?"

मात्र एक गोष्ट त्यांना खपेना. बॉट प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘प्लीज’ने करतो. प्लीज खिडकी उघडा, प्लीज तारीख निवडा. एफवनरावांनी रीतसर बग नोंदवला. शीर्षक : ‘प्लीज या शब्दाचा अनावश्यक वापर’. तीव्रता : उच्च. पायऱ्या : १. कोणताही प्रश्न विचारा. २. उत्तर वाचा. अपेक्षित फलित : चूक आपली असेल तिथेच प्लीज. प्रत्यक्ष फलित : सर्वत्र प्लीज.

आठवड्याने प्रोग्रॅमरचा शेरा आला : ‘तपासले, वर्तन नियमाला धरूनच आहे. निम्म्या उत्तरांत चूक आपलीच असते.’

एफवनरावांनी शेरा दोनदा वाचला, त्यातला स्वल्पविराम खोडून तिथे पूर्णविराम दिला, आणि बग बंद केला.